बॅकअपला किंवा प्रॅक्टिसला स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेताना काय बघायचं

गणपतीचे दिवस, सांगलीजवळच्या एका गावात आमचा ऑर्केस्ट्रा, तिसरं की चौथं गाणं चालू होतं आणि सोलोच्या ऐन मध्यात माझी दुसरी तार तटकन तुटली. आता एक तार गेली तर उरलेल्या पाचांवर ओढून नेता येतं, पण माझ्या मेन गिटारला फ्लोटिंग ब्रिज (बॉडीवर तारा जिथे बसतात तो भाग म्हणजे ब्रिज), म्हणजे पुढून सहा तारा ओढतायत, मागून स्प्रिंगा ओढतायत आणि मध्ये ब्रिज अधांतरी. एक तार गेली की स्प्रिंगांचा जोर जास्त होतो, ब्रिज मागे खेचला जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. गायिका एका सुरात, मी दुसऱ्याच. कीबोर्डवाल्या दादाने अख्खं गाणं एकट्याने सांभाळलं म्हणून निभावलं. परत येताना टेम्पोतच ठरवलं की दुसरी गिटार घ्यायची. त्यानंतर स्वतःसाठी तीन आणि क्लासच्या पोरापोरींसोबत दुकानात जाऊन पंधरा-वीस तरी स्वस्त गिटारी बघून घेतल्या, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी ब्रिज. बॅकअपची गिटार शक्यतो हार्डटेल घ्या, म्हणजे ब्रिज बॉडीला पक्का बसवलेला, हलत नाही. त्यात एक तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात आणि ट्यूनिंगही जास्त टिकतं. स्क्वायरच्या (हा फेंडरचा स्वस्त ब्रँड) स्ट्रॅट मॉडेलमध्ये नावापुढे एचटी लिहिलेलं असेल तर ती हार्डटेल, टेलिकास्टर तर बहुतेक हार्डटेलच असते, आयबानेझ जिओमध्ये जीआरजी १२१ डीएक्स फिक्स्ड ब्रिजची आहे. आवडलेल्या गिटारला ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज, असेलच तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे दोन मोठे स्क्रू घट्ट करा, गरज पडली तर दोन स्प्रिंगा जास्त लावा, ब्रिज बॉडीवर सपाट टेकून बसला पाहिजे. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. आणि स्वस्तातला फ्लॉइड रोझ टाइप लॉकिंग ब्रिज, तो मात्र अजिबात घेऊ नका, त्याचं धातू मऊ असतं, ब्रिज ज्या धारांवर टेकून हलतो त्या झिजतात आणि मग ती गिटार कधीच सुरात थांबत नाही, क्लासमधल्या दोन मुलांचे पैसे असेच गेलेत.

दुसरं म्हणजे बॅकअप ही मेन गिटारची बहीण वाटली पाहिजे. फेंडरवाल्यांची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच असते, गिब्सनची पावणेपंचवीस, ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण गाण्याच्या मध्यात गिटार बदलली की बोटं चुकीच्या जागी पडतात. स्क्वायर मस्टँग तर चोवीस इंची आहे, लहान हाताला प्रॅक्टिससाठी छान, पण मेन स्ट्रॅट असेल तर बॅकअप म्हणून नको. पिकअपचंही (तारांचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) तसंच, मेनला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि बॅकअपला नुसते सिंगल कॉइल असतील तर आवाज एकदम बारीक होतो आणि मिक्सरवाला तिकडे गोंधळतो. मला विचाराल तर ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल, ज्याला एचएसएस म्हणतात, ते सगळ्यात कामाचं, कारण मंडपातली लाइट, जनरेटर, डिमर यांची घरघर सिंगल कॉइल लगेच पकडतो आणि हंबकरवर ती बरीच दबते.

आता बजेट. गिटार, छोटा ॲम्प, बॅग, बेल्ट, केबल असं सगळं एका खोक्यात मिळतं ते स्वस्त सेट मी सुचवत नाही, त्यातला ॲम्प खेळण्यासारखा असतो आणि त्याचे पैसे गिटारमधून कापलेले असतात. दहा हजारांच्या आतल्या नव्या गिटारी वाईटच असतात असं नाही, पण त्यात एकाच मॉडेलचे दोन नग दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटावेत इतका फरक असतो, त्यामुळे हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका, ऑनलाइन तर नकोच. त्याच्या वर थोडे पैसे टाकले की स्क्वायर सॉनिक, यामाहा पॅसिफिका ०१२, आयबानेझ जिओ, कॉर्ट एक्स सिरीज ही मंडळी येतात आणि इथे नग-नगातला फरक खूप कमी होतो. कॉर्टचं नाव लोकांना कमी माहीत असतं म्हणून सांगतो, ही कोरियन कंपनी, इंडोनेशियात सुराबायाला त्यांची मोठी फॅक्टरी आहे आणि दुसऱ्या नावाजलेल्या ब्रँडच्या गिटारीही ते बनवत आलेत, तेव्हा हेडस्टॉकवर, म्हणजे चाव्यांच्या भागावर, कॉर्ट लिहिलंय म्हणून तोंड वाकडं करू नका. स्क्वायर म्हणजे फेंडरचाच स्वस्त ब्रँड, १९८२ मध्ये जपानमध्ये सुरू झाला, आणि सॉनिक सिरीज २०२३ ला बुलेटच्या जागी आली, म्हणून सेकंडहँडमध्ये बुलेट दिसेल, ती पण चालते.

दुकानात जाताना खिशात चार गोष्टी ठेवा, सहा इंची स्टीलची पट्टी, फोनमध्ये ट्यूनर, एक जुनं एटीएम कार्ड आणि स्वतःचं पिक. मुंबईत असाल तर धोबी तलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, तिथे सकाळी गर्दी नसताना जावं, कुठल्याही दुकानात शनिवारी संध्याकाळी नीट बघूच देत नाहीत.

आधी ॲम्पला लावूच नका. ॲम्पचा आवाज चांगला असला की माणूस भुलतो. गिटार सुरात लावा, मग पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट (नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) जाड तारेवर एकाच वेळी दाबा, तार तेवढ्या वेळेपुरती पट्टीसारखी सरळ होते, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते उजेडासमोर धरून बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण पाव मिलीमीटर, असेल तर उत्तम. फट जास्त असेल तर नेक पुढे वाकलाय, ते ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळीने, सरळ होतं. फटच नसेल तर मागे वाकलाय, तेही बहुतेक वेळा सुटतं. पण एका बाजूने फट आणि दुसऱ्या बाजूने नाही, म्हणजे जाड तारेकडे वेगळं आणि बारीक तारेकडे वेगळं, तर नेकला पीळ पडलाय, ती गिटार तिथेच ठेवा, कितीही सुंदर रंग असो.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट हळूहळू वाजवा. हो, सगळे, बावीस गुणिले सहा, दहा मिनिटं लागतात, दुकानदार बघत बसेल, बघू दे. एकाच फ्रेटवर दाबल्यावर तार झणझणत असेल आणि पुढे साफ वाजत असेल तर पुढचा फ्रेट वर आलेला आहे. एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर आडवी टेकवा, डगमगली तर मधला उंच. एखादा असेल तर कारागीर घासून देतो, चार-पाच असतील तर सोडा. नंतर अंगठा नेकच्या कडेवरून खालपासून वरपर्यंत फिरवा, फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचली तर समजायचं की लाकूड सुकून आकसलंय आणि धातू तेवढाच राहिलाय. पुण्यात, सोलापुरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे हमखास दिसतं, पावसाळ्यात कमी होतं. हे घासून नीट होतं, पण त्या पैशांची घासाघीस मात्र दुकानातच करून घ्या.

बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून तारेची उंची मोजा, दीड ते दोन मिलीमीटर असेल तर बोटांना त्रास नाही. जास्त असेल तर ब्रिजवरचे छोटे सॅडल, ज्यांवर तारा टेकतात ते, खाली घ्यायला जागा आहे का बघा, ते आधीच तळाला टेकलेत आणि तरी तार उंच आहे म्हणजे नेकचा कोन चुकलाय. नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, केसाएवढीच फट हवी, तिथे जास्त उंची असली की ओपन कॉर्ड कायम थोडे चढे लागतात आणि नवीन शिकणाऱ्याला वाटतं आपलाच कान चुकतोय. एका मुलीने याच कारणाने गिटार सोडायची ठरवलं होतं, नटच्या खाचा थोड्या खोल केल्या आणि ती आज कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते.

शेवटी तिसरी तार जोरात दोन-तीनदा बेंड करा, म्हणजे दाबून बाजूला ताणा, आणि परत ट्यूनर बघा. ट्यून करताना नटमधून टिक टिक आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय, साध्या पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की बऱ्याचदा जातं. आता ॲम्पला लावा, नॉब फिरवताना खरखर, स्विचचा आवाज, आणि हे एक नक्की बघा, तारांना हात लावल्यावर घरघर कमी व्हायला हवी, वाढत असेल तर वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये गडबड आहे.

बाकी पिकअप कुठल्या कंपनीचा, बॉडी पॉपलरची का बासवुडची, याच्यावर या किमतीत डोकं घालवू नका. पिकअप बदलता येतो, पॉट (नॉबखालचे भाग) बदलता येतात, चाव्या बदलता येतात, पण वाकडा नेक आणि खराब फ्रेट बदलायचे म्हणजे गिटारच्या किमतीएवढा खर्च. लाकडाबद्दल एक आवडलेली गोष्ट सांगतो, स्वस्त गिटारींवर फिंगरबोर्डसाठी हल्ली इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं, ते म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत सगळीकडे दिसणारा, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम कडक झाले तेव्हा कंपन्या पर्याय शोधू लागल्या आणि ऐन पुढे आला. चांगलं लाकूड आहे, फक्त कोरडं पडतं, सहा महिन्यांनी तारा बदलताना लेमन ऑइलचे दोन थेंब फडक्याने लावून पुसून घ्या.

सेकंडहँड मिळाली तर मी नव्यापेक्षा तीच घेईन. दहावी-बारावीनंतर हौसेने घेतलेल्या आणि तीन महिन्यांत कपाटावर गेलेल्या गिटारी भरपूर विकायला असतात, कित्येकांवर तर पिकगार्डचं प्लास्टिकही तसंच असतं. बघायला जाताना पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खळगे पडलेत का बघा, आणि ट्रस रॉड फिरतो का, म्हणजे ॲलन की लावून अगदी थोडासा, मालकाला विचारूनच. पंधरा हजारात गिब्सन किंवा अमेरिकन फेंडर देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, ती नक्कल असते. गिब्सनच्या हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलेला बरेचदा तीन.

घेऊन आलात की लगेच सेटअप करा किंवा करून घ्या. माझ्याकडून आमच्या इथल्या काकांनी मागच्या वेळी बाराशे घेतले, त्यात फ्रेटची टोकं, नट, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) सगळं आलं, आणि आठ हजारांची ती गिटार दुप्पट किमतीची वाटायला लागली. स्वतः करणार असाल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच, मग ट्यून करून थोडा वेळ थांबायचं, मग परत मोजायचं. इंटोनेशनला बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. तारा मेन गिटारच्याच जाडीच्या लावा, नऊच्या तर नऊच्या, दहाच्या तर दहाच्या.

आणि जॅक, म्हणजे केबल लावायची जागा. स्वस्त गिटार स्टेजवर दगा देते ती नव्वद टक्के वेळा इथेच असं माझं मत झालंय. जॅकचा बाहेरचा, पान्याने फिरवायचा नट सैल होतो, केबल लावता-काढता अख्खा जॅक आत फिरत राहतो आणि एक दिवस आतली वायर पीळ पडून तुटते. पाना घेऊन महिन्यातून एकदा घट्ट करा, पण करताना आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर घट्ट करतानाच वायर तोडाल. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाजवून झालं की तारा आणि सॅडलचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसा, एका पावसाळ्यात ते स्क्रू असे गंजतात की फिरतच नाहीत.

प्रॅक्टिसची गिटार असेल तर ती बॅगेत ठेवू नका, भिंतीला हुक मारून हाताशी ठेवा, कारण चेन उघडायचा कंटाळा हेच प्रॅक्टिस न होण्याचं मोठं कारण असतं. सॉलिड बॉडी असल्याने ॲम्पशिवाय रात्री अकराला वाजवली तरी शेजारच्या खोलीत झोपलेली आई उठत नाही, आणि टोन ऐकायचाच असेल तर व्हॉक्सचा ॲम्पप्लग, म्हणजे छोटा हेडफोन ॲम्प, थेट जॅकमध्ये बसतो, हेडफोन लावला की झालं.

बॅकअपची असेल तर महिन्यातून एक पूर्ण रिहर्सल तिच्यावरच करा. मेन आणि बॅकअप दोन्ही एकाच ॲम्पवर लावून आवाजाची पातळी जुळवा, जिचा जास्त येतो तिचा पिकअप दोन बाजूच्या स्क्रूंनी थोडा खाली घ्या. कार्यक्रमाच्या जागी पोचलात की दोन्ही गिटारी बॅगेतून काढून स्टँडवर ठेवा, गाडीतल्या आणि मंडपातल्या हवेत फरक असतो, वीस-पंचवीस मिनिटं गेली की मग दोन्ही ट्यून करा, आणि बॅकअप आपल्या डाव्या हाताला, बेल्ट लावलेली, व्हॉल्यूम शून्यावर, उभी ठेवा.