केगलचा व्यायाम करूनही लघवी निसटते? या चुका टाळा

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना थोडी लघवी निसटते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी आल्या आल्या सांगतात, "केगल करून बघितलं, काही उपयोग नाही." केगल म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा वेळी किती वेळा करता हे मी विचारत नाही. एकदा करून दाखवा, एवढंच म्हणते.

आवळायचं सोडून कुंथणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. आणि ती करणाऱ्या बाईला तिचा पत्ताही नसतो.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढे दोन्ही जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर असतो. मूत्रनलिका, योनी आणि गुदद्वार त्यातूनच बाहेर येतात. खोकल्यावर पोटातला दाब एकदम वाढतो. त्या क्षणी हा थर आवळून वर उचलला गेला, तर मूत्रनलिका मिटलेली राहते. कुंथल्यावर याच्या बरोबर उलटं होतं: दाब वरून येतो आणि थर खाली ढकलला जातो. मग दिवसातून शंभर वेळा कुंथलात, तरी तो शंभर वेळा उलटाच व्यायाम झाला.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. दोन बाळंतपणं झालेली, स्वभाव अतिशय शिस्तीचा. रोजचे आकडे वहीत लिहिलेले, एकही दिवस चुकलेला नाही. तरीही गळणं वाढलं होतं आणि संध्याकाळपर्यंत खाली जड वाटायला लागलं होतं. मी त्यांना गुडघे दुमडून उताणं झोपवलं, हातात छोटा आरसा दिला आणि म्हटलं, "नेहमी करता तसं करा." श्वास रोखला गेला, पोट वर आलं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि योनी व गुदद्वार यांच्या मधली जागा आरशाच्या दिशेने फुगली. त्या स्वतःच म्हणाल्या, "अहो मॅडम, हे तर बाहेर येतंय!" बाळंतपणानंतर कुणीतरी घाईघाईत "खाली जोर लावून धरा" असं सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर त्यांनी इतके महिने इमानेइतबारे मेहनत केली होती. मला त्यांचा नाही, त्या सांगणाऱ्याचा राग आला.

आम्ही आधी वही बंद केली. कुशीवर झोपून, श्वास सोडता सोडता, चारचौघांत गॅस अडवावा तसं मागून आवळायचं आणि ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायची, एवढंच. आरशात ती जागा आत जाताना दिसायला लागली, तेव्हा कुठे मोजायला सुरुवात केली. काही महिन्यांनी त्यांनी पर्समध्ये जादा कपडे ठेवणं बंद केलं.

अशी चूक करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना नुसतं तोंडी समजावून हे आकुंचन करायला सांगितलं होतं. जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं, आणि सुमारे चौथाई जणी गळती वाढेल अशा पद्धतीने करत होत्या. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो, ते आर्नल्ड केगल १९४८ मध्ये लिहीत होते तेव्हाही बोटाने तपासून आणि दाब मोजणारं यंत्र वापरून शिकवत होते. आता नाव तेवढं राहिलं, तपासणी मात्र गळाली.

म्हणून सुरू करण्याआधी आरसा घ्या. किंवा स्वच्छ बोट योनीत थोडं आत ठेवून आवळा. बोटाभोवती पकड बसली आणि ते आत ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर. बोट बाहेर ढकललं गेलं तर थांबा आणि कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. मोठ्याने आकडे मोजत करा, म्हणजे श्वास रोखला जात नाही.

सैल न सोडणं

जितका वेळ आवळलं, निदान तितका वेळ पूर्ण सैल सोडायचं. घाईच्या बायका आवळण्यावर आवळणं रचत जातात. दिवसभर आखडून राहिलेला स्नायू ऐन खोकल्याच्या वेळी आणखी आवळणार कुठून?

इतर चुका

लघवी करताना मध्येच धार अडवणं हा व्यायाम नाही. रोज तसं केलं तर मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

कुल्ले आणि मांड्या आवळल्या म्हणजे तळ आवळला असं होत नाही.

गळेल म्हणून पाणी तोडू नका. दाट लघवीने मूत्राशय चिडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि मग परत कुंथणं आलंच.

लघवीची घाई होऊन बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत होते, तो प्रकार वेगळा आहे. त्याच्यासाठी उपायही जास्तीचे लागतात.

पंधरा दिवसांत सोडून देणं

याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही. ब्रिटनमधल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: एका वेळी निदान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. स्नायूला बळकटी यायला तेवढा वेळ लागतोच. "खुर्चीवर नुसतं बसा, यंत्र सगळं करेल" असल्या जाहिराती बघून लोक मला विचारतात. ज्यांना अजिबात आवळताच येत नाही, त्यांना विजेच्या उत्तेजनाची मदत होऊ शकते. जिला नीट आवळता येतं, तिने स्वतः करावं.

माझी सवय अशी: निम्मी आकुंचनं धरून ठेवायची, सुरुवातीला तीन-चार सेकंद, मग हळूहळू दहापर्यंत, उरलेली झटकन आवळून सोडायची. आधी झोपून, मग बसून, शेवटी उभ्याने. लघवी उभ्यानेच निसटते, त्यामुळे नुसतं अंथरुणात जमून भागत नाही. आणि खोकला, शिंक येण्याआधी, वाकून काही उचलण्याआधी आवळायचंच. ही सवय लागली की काही जणींना आठवड्याभरातच खोकतानाची गळती कमी झालेली कळते.

लघवीत रक्त, जळजळ, खाली काही बाहेर आल्यासारखं वाटणं, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा जांघेत बधिरपणा असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. नीट शिकून, तीन महिने मनापासून करूनही फरक पडला नाही तर योनीत बसवायची आधाराची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याबद्दल मोकळेपणाने विचारा.