परदेशी नर्सिंग लायसन्स: क्लास नंतर लावा, आधी कागद मांडा

परदेशात नर्स म्हणून जायचं मनात आलं की आपल्या पोरी पहिल्यांदा इंग्रजीचा क्लास लावतात. फी भरली की काम सुरू झाल्यासारखं वाटतं. माझं सांगणं उलट आहे. आधी कपाटातून दहावीचं मार्कलिस्ट काढा. त्याच्या शेजारी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या सगळ्या वर्षांचे निकाल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार आणि पासपोर्ट मांडा, आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. परीक्षा अभ्यासानं सुटते. कागदावरची चूक मात्र ज्या ऑफिसनं केली, त्याच ऑफिसच्या वेगानं सुटते. इंग्रजीचा निकाल दोनच वर्षं चालतो. ज्या आधी परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या आणि मग कागदांच्या मागं लागल्या, त्यांच्यातल्या काहींना कागद पुरे होईपर्यंत पुन्हा परीक्षेला बसावं लागलेलं मी बघितलंय.

मी कोल्हापुरात जीएनएम केलं, पुढं पोस्ट बेसिक (डिप्लोम्यानंतरची बीएस्सी नर्सिंग) केलं, बरीच वर्षं आयसीयू केला आणि आता इंग्लंडमध्ये नोकरी करते. त्यामुळं खालचं बरंचसं इंग्लंडचं आहे. गल्फ आणि जर्मनीचं ओघात येईल.

आपल्या जिल्ह्यात वडिलांचं नाव हाच निम्मा घोळ असतो. दहावीला ‘बाळासो’, जीएनएमला ‘बाळासाहेब’, आधारवर ‘बाळू’, आणि पासपोर्टचा फॉर्म भरून देणाऱ्यानं स्वतःच्या अकलेनं लिहिलेलं चौथंच काहीतरी. आप्पासो, रावसो, दादासो, सगळ्यांची तीच कथा. गावात कुणालाही विचारा, माणूस एकच आहे म्हणून सांगेल. पण पडताळणी करणारा गावातला नसतो, त्याच्यापुढं फक्त स्पेलिंग असतं. शिवाय बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. मार्कलिस्ट समोर ठेवून ऑनलाइन फॉर्म भरला की ‘पाटील’ हे तुमचं पहिलं नाव होऊन बसतं. म्हणून फॉर्म कुठलाही असो, पासपोर्ट बघूनच भरायचा. परीक्षेच्या दारातसुद्धा पासपोर्टच बघतात.

लग्नानंतरचं प्रकरण याहून किचकट. मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि काही घरांत अजून पहिलं नावसुद्धा बदलतात. म्हणजे तीन शब्दांतला एकही जुळत नाही. मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रात छापून आलेला नावातला बदल, प्रतिज्ञापत्र अशी साखळी लावावी लागते. लागते ती, अशक्य काही नाही, पण वेळ खाते. जिचं लग्न व्हायचंय किंवा नुकतंच झालंय तिला मी सरळ सांगते, पासपोर्ट आणि कौन्सिल माहेरच्याच नावानं राहू दे. नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर हळदी-कुंकवाच्या निमंत्रणावर त्यांना हवं ते नाव छापा.

आता एक गोंधळ मिटवून घेऊ, कारण एजंट लोक याच गोंधळावर पोट भरतात. सर्टिफिकेटवर शिक्का मारून आणणं, सर्टिफिकेटची पडताळणी आणि लायसन्स, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्क्याला अपोस्टील म्हणतात, तो परराष्ट्र मंत्रालयाचा असतो. भारत २००५ मध्ये या शिक्क्याबद्दलच्या हेगच्या करारात आला तेव्हापासून तो मिळतो, आणि सरकारी फी कागदाला ५० रुपये आहे. बाकी जे हजारो रुपये सांगतात ते धावपळीचे. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून दुबईसाठी मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. पण शिक्का एवढंच सांगतो की सही आणि मोहोर खरी आहे. तुम्ही खरंच शिकलात का, हे विचारायला पडताळणी करणारी संस्था थेट तुमच्या कॉलेजला, विद्यापीठाला, कौन्सिलला आणि हॉस्पिटलला लिहिते. तिथून उत्तर गेलं तरच पुढं सरकायचं. आणि हे सगळं झालं तरी लायसन्स वेगळंच, ते परीक्षेनंतर.

इंग्लंडमध्ये लायसन्स देणारी संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, एनएमसी. (आपल्याकडं एनएमसी म्हटलं की डॉक्टर लोकांचं नॅशनल मेडिकल कमिशन, गुगल करताना भलत्याच पानावर जाऊ नका.) एनएमसीनं २०१९ मध्ये आपली पद्धत बरीच सुटसुटीत केली. मुख्य गोष्ट उरली ती ही, की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलनं तुमच्या रजिस्ट्रेशनची खात्री थेट त्यांना कळवायची. तुमच्या हातातलं सर्टिफिकेट कितीही लॅमिनेट केलेलं असो, त्याला तिथं किंमत नाही. उलट लॅमिनेशन करूच नका, पुढं शिक्का मारायला पंचाईत होते.

कौन्सिल मुंबईला. रजिस्ट्रेशनचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि ते संपलेलं असेल तर पडताळणीचं गाडं तिथंच अडतं. म्हणून आधी तारीख बघा. नूतनीकरण, नावातली दुरुस्ती, पोस्ट बेसिक केलं असेल तर जादा शिक्षणाची नोंद, हे सगळं करून मगच पडताळणीचा अर्ज टाका. फोनवर काम अडलंच, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी मुंबईत उतरायचं आणि समोर उभं राहून काम करून घ्यायचं. ईमेलच्या चार स्मरणपत्रांपेक्षा ते बरं. जाताना पावत्या, अर्ज क्रमांक आणि प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स घेऊन जा. आणि तिथल्या क्लार्कशी गोड बोला, हे वेगळं सांगायला नको.

बीएस्सी केलेल्यांना विद्यापीठाचंही बघावं लागतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला झालं. त्याच्या आधीच्या सीनियर सिस्टर असतील तर पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे ते सर्टिफिकेटवर नीट वाचा. अभिमत विद्यापीठातून शिकला असाल तर तुमचं उत्तर त्याच विद्यापीठातून जाणार, नाशिकचा संबंध नाही. जर्मनीला जाणाऱ्यांनी विषयवार तासांचा हिशेब, थिअरी आणि वॉर्डातला वेगवेगळा, कॉलेजकडून आवर्जून घ्यावा. तिथं ज्या राज्यात नोकरी त्या राज्याचं ऑफिस तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी लावून बघतं, कमी काय पडतं ते लेखी कळवतं, आणि ती कमी भरून काढायला परीक्षा द्यायची किंवा ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यायचं. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत (सहांतली चौथी) लागतेच. ऑस्ट्रेलियाला पदवीच्या तोडीचं शिक्षण हवं असतं, म्हणून नुसत्या जीएनएमवाल्यांनी त्या वाटेला जायच्या आधी पोस्ट बेसिकचा विचार करावा.

गल्फचं सगळ्यात नाजूक जागी दुखतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. दुबई असो की सौदी, पडताळणीचं काम डेटाफ्लो नावाची कंपनी करते, आणि ती शिक्षण, रजिस्ट्रेशन, अनुभव सगळं ज्याचं त्याला विचारते. आपल्याकडच्या बहुतेकींची सुरुवात कुठं होते? दहा-पंधरा बेडच्या नर्सिंग होममध्ये. पगार रोख, नेमणुकीचं पत्र नाही, हजेरी एका वहीत. सर चांगले असतात, दिवाळीला साडी देतात, पण दाखला मागितला की लेटरहेडवर दोन ओळी: ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले.’ त्यानं काही होत नाही. दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, विभाग, पूर्णवेळ की अर्धवेळ, बेड किती, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव आणि चालू ईमेल एवढं हवं. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, सरांना फक्त वाचून सही करायला लावा. मग डेटाफ्लोचा मेल येईल तेव्हा तो कोण उघडणार, ते रिसेप्शनला सांगून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीच्या पडताळणीचा मेल तिच्या जुन्या हॉस्पिटलात स्पॅममध्ये पडून राहिला आणि तिच्या रिपोर्टवर पडताळणी होऊ शकली नाही असा शेरा आला. तिचा सहा महिन्यांचा पगार खोटा नव्हता, पण कागदावर तो नव्हताच. हॉस्पिटलच बंद पडलं असेल तर पीएफचं पासबुक, बँकेत जमा झालेला पगार, फॉर्म १६ एवढाच आधार उरतो. त्यामुळं आत्ता नोकरी धरताय त्यांनी पगार बँकेतच मागून घ्या, पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील. आणि नोकरी सोडताना भांडून सोडू नका.

आता परीक्षा. इंग्रजीसाठी दोन परीक्षा चालतात, सगळ्यांसाठीची आयईएलटीएस आणि आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची ओईटी. एनएमसीला आयईएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये ऐकणं, वाचन, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात, ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. मराठी माध्यमातून शिकलेल्या, वॉर्डात मुरलेल्या सिस्टरना मी ओईटीच सांगेन, फी जास्त असली तरी. तिथं जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहायचा नसतो. पेशंटच्या नोंदी देतात आणि डिस्चार्जचं किंवा रेफरल पत्र लिहायला लावतात. आपल्या पोरी तिथं सगळ्याच नोंदी उतरवत बसतात. वाचणाऱ्याला काय लागणार एवढंच निवडायचं, मार्क त्यालाच आहेत.

त्यानंतर सीबीटी, म्हणजे एनएमसीची लेखी परीक्षा. ती भारतातच संगणकावर देता येते: १५ गणिताचे प्रश्न आणि १०० क्लिनिकल. ड्रिपचे थेंब आणि मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम हाताला सवय असेल तर घाबरायचं काही कारण नाही.

खरी मेहनत ऑस्कीची, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची, आणि ती इंग्लंडला पोहोचल्यावर. दहा स्टेशन असतात: चारांत पेशंट तपासणं, काळजीचं नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन, चारांत प्रत्यक्ष कौशल्यं, आणि दोनांत नुसतं लिहायचं. आपलं कौशल्य तिथल्यापेक्षा कमी नसतं, कधी कधी जास्तच असतं. अडचण अशी की आपण गप्प राहून काम करतो. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी हॉस्पिटलातल्या गर्दीच्या वॉर्डात ‘मावशी, हात द्या, जरा टोचेल’ एवढं म्हटलं की झालं. पुढचा बेड वाट बघत असतो. ऑस्कीत मात्र स्वतःचं नाव सांगा, पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारा, मनगटाचा पट्टा बघा, ॲलर्जी विचारा, काय करणार ते समजावा, परवानगी घ्या, दुखतंय का विचारा, आणि हे सगळं तोंडानं, परीक्षकाला ऐकू जाईल असं. कुस्तीत पंचाला न दिसलेल्या डावाला गुण नसतात, तसंच. कोपराच्या खाली काही घालायचं नाही, घड्याळ आणि बांगड्या दोन्ही काढायच्या. आमच्यातल्या एकीचा हिरवा चुडा नवीन होता, ती रडली, पण काढला. याची तालीम कोल्हापुरातच सुरू करता येते. ड्युटीवर प्रत्येक पेशंटला आधी नाव विचारायची सवय लावा. सोबतच्या सिस्टर हसतील, हसू द्या.

नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत पहिली ऑस्की द्यावी लागते. ती सुटेपर्यंत तुम्ही नोंदणीकृत नर्स नसता, हाताखालच्या हुद्द्यावर काम करता. बरीच वर्षं इनचार्ज राहिलेल्यांना हे जड जातं. मला गेलं.

पैशाचं स्पष्टच बोलते. मी भरले तेव्हा एनएमसीचा अर्ज १४० पौंड, सीबीटी ८३, ऑस्की ७९४ आणि नोंदणी १५३ असा दर होता. भरायच्या आधी त्यांच्या साइटवर ताजा आकडा बघा. ऑस्कीचा खर्च पुष्कळ हॉस्पिटलं उचलतात, ऑफर लेटरमध्ये तसं लिहून मागा. इंग्लंडच्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणं एजन्सीनं उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायची नाही. गल्फसाठी भारतात नोंदणी असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, आणि तो नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघता येतं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत काचेचं ऑफिस आहे म्हणून कुणी नोंदणीकृत होत नाही. चार लाख मागणारा ‘सगळं आम्ही बघतो’ म्हणतो तेव्हा विचारा, कौन्सिलला पत्र कोण पाठवणार? ते तुमच्याच अर्जावर जातं. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या ताब्यात देऊ नका, पावतीवरसुद्धा नाही.

पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा, कारण जुना झालेला चालत नाही. पासपोर्ट सेवेच्या साइटवरून अर्ज करायचा, फी ५०० रुपये. सध्या भाड्यानं दुसरीकडं राहत असाल तर पत्ता नीट द्या, पोलीस पडताळणीला तिथंच येतात.

एनएमसीचा पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, हातात आला की दर तीन वर्षांनी त्याची फेरपडताळणी असते: ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण दाखवावं लागतं. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. आणि इकडचा पिन मिळाला म्हणून महाराष्ट्र कौन्सिलचं नूतनीकरण सोडू नका. उद्या इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला किंवा कॅनडाला जायचं ठरलं तर तिथलं ऑफिस दोन्ही कौन्सिलांना पत्र लिहिणार आहे.