उन्हाळी ब्रॉयलर: दहाच्या आत खाद्य उचला

सोलापुरात पारा ४२च्या पुढं गेला की दुपारी तीन-चारच्या सुमाराला ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात, "पक्षी पटापट पडायलेत." मी आधी एकच विचारतो, सकाळी खाद्य किती वाजता टाकलं? उत्तर ठरलेलं: "साडेनऊला, भांडी रिकामी दिसली म्हणून." मेलेल्या पक्ष्याची गळ्याखालची पिशवी दाबून बघा. टच्च भरलेली असते.

खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, आणि खाल्ल्यावर चार-सहा तासांनी ती सगळ्यात जास्त असते. म्हणजे दहाचं खाद्य दोन ते चारला तापतं, नेमका वरचा पत्राही तापलेला असतो तेव्हा. कोंबडीला घाम येत नाही, तिचा सगळा भार धापेवर. दीड किलोच्या पुढचे, लिफ्टिंगला (विक्रीसाठी उचलायला) आठवडा राहिलेले पक्षी आधी जातात.

म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पुढं:

- पहाटे ३ ला लाइट, लगेच खाद्य
- ९ ते १० दरम्यान भांडी वर टांगा, नुसती रिकामी ठेवू नका
- संध्याकाळी ६ नंतर सगळी भांडी एकदम खाली. एकेक सोडलं की पक्षी एका जागी तुटून पडतात आणि दबून मरतात
- पिल्लांना पहिले दोन आठवडे हा उपास नको

सहानंतरही पक्षी चोच उघडून बसलेले दिसले, तर मी खाद्य आणखी तासभर लांबवतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझा अंदाज आहे.

"वजन घटेल, एफसीआर (एक किलो वजनाला लागलेलं खाद्य) बिघडेल," असं सुपरवायझर म्हणतो. घटू द्या थोडं. १.८ किलोचा पक्षी मेला तर त्यानं खाल्लेलं पावणेतीन-तीन किलो खाद्य त्याच्याबरोबर खड्ड्यात जातं, त्याचा एफसीआर कोण मांडणार?

दुपारी दोनला पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून बघा. चहाइतकं कोमट लागलं तर पक्षी ते पिणार नाही. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी लागतं, उन्हाळ्यात ते चौपटीपर्यंत जातं. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळा, उन्हात पडलेला काळा पाइप मातीखाली घ्या आणि दर तासाला लाइनमधलं तापलेलं पाणी सोडून द्या. पाण्याची भांडी पाव पटीनं वाढवा.

नेहमीची कामं:

- वयाप्रमाणे बदलणाऱ्या खाद्यातली प्रथिनं: प्री-स्टार्टर (सुरुवातीचं) २३, स्टार्टर (मधलं) २२, फिनिशर (शेवटचं) २० टक्के
- जागा: पक्ष्यामागं सव्वा चौरस फूट
- भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीइतक्या उंचीवर, खाद्य एक तृतीयांशच भरा
- खाद्याची पोती फळीवर, भिंतीपासून लांब
- पत्र्यावर उसाचं पाचट किंवा चुना

फिनिशरमध्ये ज्वारीचा भरडा मिसळून पैसे वाचवायचे असतील तर हा मोसम नव्हे. पक्षी आधीच कमी खातो, निदान त्या घासात कस असू द्या.

आता दुकानदाराचा 'समर पॅक'. लिव्हर टॉनिक, ग्रोथ प्रमोटर, आणखी दोन रंगीत बाटल्या. खाद्य स्वतः मिसळत असाल तर टनाला २ ते ३ किलो खाण्याचा सोडा आणि किलोमागं २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. कंपनीचं खाद्य असेल तर त्यात सोडा आधीच आहे का ते विचारून घ्या, उगाच दुप्पट नको. पाण्यातून इलेक्ट्रोलाइट (क्षार) लेबलाप्रमाणे. 'वाढीसाठी' कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी पुढं केलं तर घेऊ नका. जनावरं-कोंबड्यांसाठी त्यावर २०१९ पासून बंदी आहे. त्या बाटल्यांच्या पैशात पंखा येतो. जनरेटरचं डिझेल तरी येतंच.

वळवाच्या दिवशी मात्र उलटं वागा. आभाळ भरून आलं, हवा कोंदली की फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) बंद, नुसते पंखे चालू. दमट हवेत फॉगर मारला तर धापेनं उष्णता बाहेर पडतच नाही. सर येऊन गार वाटलं म्हणून चार वाजताच भांडी खाली सोडू नका. पत्रा हातानं चाचपा, निवला असेल तरच खाद्य.