मारबत ब्राउझरमध्ये आणताना

एचटीएमएल, सीएसएस येतं, जावास्क्रिप्टशी तोंडओळख आहे, पी-फाइव्ह या चित्रं हलवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये माउसमागे गोल पळवून झालेत, आणि आता 'बाई असणं' या विषयावर हात लावला की हलणारं, उत्तर देणारं काहीतरी करायचंय, अशा पोरींसाठी हे लिहितेय. कोड कसा शिकायचा ते इथे नाही. ते सगळीकडे फुकट मिळतं. कोड चालायला लागल्यावर पुढे जे आडवं येतं, ते मात्र कोणी सांगत नाही. मला तर कोणीच सांगितलं नव्हतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझं काम मारबतीवर आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारी भागातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. बांबू, कागद, कापडाच्या या अवाढव्य बायका. ही प्रथा १८८० च्या दशकापासून चालत आलीय. पिवळीला लोक देवी मानतात, तिच्या पाया पडतात. काळी म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसले घराण्यातली बांकाबाई, असं सांगितलं जातं. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी ठोकत गर्दी चालते आणि शेवटी गावाबाहेर नेऊन मारबत जाळतात. सोबत बडगे असतात, त्या पुरुषांच्या प्रतिमा. दरवर्षी त्यांच्यावर नवा विषय, नवी टिंगल. त्यांचं रूप वर्षागणिक बदलतं, पण गावाची पीडा अंगावर घेऊन जाणारी बाईच. मी लहानपणापासून हे बघत आलेय आणि मला मिरवणूक आवडतेही. दोन्ही खरं आहे, म्हणून काम करावंसं वाटलं.

माझ्या कामात वेबपानावर एक कागदी बाई उभी. बघणारीने आपल्याला चिकटवलेला एक शब्द लिहायचा. तो बाईच्या पदराला जाऊन लटकतो. मग त्यावर बोट दाबून धरायचं, की तो जळायला लागतो. बोट उचललं की आग थांबते आणि शब्द अर्धवट जळलेला राहतो. बाई जळत नाही. एवढंच. आधी कागदावर याहून पुष्कळ काही होतं, ते एकेक करून काढलं.

पहिली गोष्ट कडक शब्दांतच सांगते. आरशात बघणारी बाई, मोकळे केस, अर्धा चेहरा, कमळ, गुलाबी-जांभळा रंग आणि माउस फिरवला की उडणाऱ्या पाकळ्या: हे करू नका. त्यात स्पर्शाला काही अर्थ नाही. पोस्टर छापलं असतं तरी चाललं असतं. आधी ठरवा, बघणारीचं बोट काय करणार? ती उघडते, झाकते, पुसते, थांबवते की नुसती बघत राहते? ओल्या लियालिना या कलाकर्तीने १९९६ मध्ये युद्धावरून परतलेल्या प्रियकराची गोष्ट केली. काळ्या पडद्यावर काळी-पांढरी चित्रं आणि तुटक वाक्यं. क्लिक केलं की चौकट दुभंगते, आणखी लहान होते. दोघांमधलं अंतर ती वर्णन करत नाही, ते तुमच्या क्लिकनेच वाढत जातं. साध्या एचटीएमएल फ्रेम्सवर उभं असल्यामुळे ते काम आजही उघडतं. उलट फ्लॅश या जुन्या अॅनिमेशनच्या तंत्रात केलेली कितीतरी कामं, अडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद केल्यावर, अंधारात गेली. म्हणून ओढून-सोडून साइट बनवून देणाऱ्या सेवांवर माझा विश्वास नाही. पहिल्या कामासाठी तर नाहीच.

आता मुख्य सापळा. इथे मी लांबण लावणार आहे, कारण माझा अख्खा उन्हाळा यात गेला आणि तुमचा जाऊ नये असं वाटतं.

शब्द जळताना अक्षरं सुटी होऊन राखेसारखी उडावीत, अशी माझी कल्पना होती. इंटरनेटवर याची तयार उदाहरणं ढीगभर आहेत. सगळी इंग्रजीत. त्यात शब्द स्प्लिट करून एकेक अक्षर वेगळं काढतात आणि प्रत्येकाला वेग देतात. मी इंग्रजी शब्दावर करून बघितलं, सुंदर चाललं. मग मराठी शब्द घातला, 'निर्लज्ज', आणि पडद्यावर जे उडालं त्यात ओळखीचं काहीच नव्हतं. 'न' एकीकडे, त्याची वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर बसून दुसरीकडे, रफाराचा 'र' कोरडा, हलन्ताची काडी तिसऱ्याच वाटेने, आणि एकमेकांना न ओळखणारे दोन 'ज'.

शेजारच्या काकू शिवणकाम करतात. त्या ब्लाउजचं माप घ्यायला आल्या होत्या आणि टेप गळ्यातच ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "जळून तर छान राहिलं वो, पण अक्षरं अशी लंगडी काऊन दिसते?" मी म्हटलं, "काकू, ते कॉम्प्युटरला मराठी नीट येत नाही." त्या म्हणाल्या, "मंग त्याले आधी शिकव नं, बाईले मंग जाळ."

कारण समजून घ्या, नुसतं उत्तर उचलू नका. आपल्या डोळ्याला 'निर्लज्ज'मध्ये तीन अक्षरं दिसतात: नि, र्ल, ज्ज. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती आठ सांगते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेत देण्याच्या जगभरच्या पद्धतीत, न, वेलांटी, र, हलन्त, ल, ज, हलन्त, ज असे आठ सुटे संकेत साठवलेले असतात. ते एकत्र कसे दिसावेत हे फॉन्ट आणि ब्राउझर मिळून ठरवतात. तुम्ही स्प्लिट केलं की ती मिळवणूकच मोडते.

यावर लोक सांगतील, 'इंटल सेगमेंटर वापर'. बरोबर आहे, ब्राउझरमध्येच असलेली ही सोय अक्षरांचे गट पाडून देते. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर गट संपायचा, म्हणून हाच शब्द नि, र्, ल, ज्, ज असा पाच तुकड्यांत यायचा. देवनागरीतली जोडाक्षरं एकत्र ठेवणारा नियम सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. म्हणजे बघणारीचा ब्राउझर किती जुना, त्यावर तुमच्या कामात तीन तुकडे उडणार की पाच, हे ठरू शकतं. फायरफॉक्समध्ये तर सेगमेंटरच २०२४ मध्ये आला. तुमच्या नव्या लॅपटॉपवर सगळं गोड चालेल आणि मामीच्या कधीच अपडेट न केलेल्या जुन्या फोनवर शब्दाची चाळण होईल. आणि असं काम बघणाऱ्या बायकांच्या हातात फोन बहुतेक मामीसारखाच असतो.

मी शेवटी अक्षरं तोडणंच सोडलं. न दिसणाऱ्या एका कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पाटीवर, अख्खा शब्द एकदम लिहायचा. सबंध शब्द दिला की ब्राउझर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं व्यवस्थित बसवतो. मग त्या कॅनव्हासचे पिक्सेल वाचायचे आणि जिथे शाई आहे तिथे एकेक कण ठेवायचा. प्रत्येक पिक्सेलमागे चार आकडे मिळतात. चौथा पारदर्शकतेचा, तो शून्याच्या वर असेल तर तिथे शाई आहे. सगळे पिक्सेल घेऊ नका, दोन सोडून तिसरा घेतला तरी शब्द वाचता येतो आणि फोनचा जीव वाचतो. आता जळताना शिरोरेषा एका टोकापासून खात जाते आणि अक्षरं खाली गळतात. खरा कागद जळताना बघितलाय ना, तसंच. इंग्रजी उदाहरणांपेक्षा हे कितीतरी चांगलं दिसतं, आणि मला ते सापडलं केवळ त्या उदाहरणांनी दगा दिला म्हणून.

यातच दोन उपद्रव आणखी. वेबफॉन्ट नेटवरून पूर्ण उतरायच्या आत कॅनव्हासवर लिहिलं तर भलत्याच फॉन्टात शब्द उमटतो आणि तसाच राहतो, म्हणून आधी फॉन्ट तयार असल्याची वाट बघा. आणि मथळ्याला ऐट आणायला सीएसएसमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषेला फटी पडतात. इंग्रजी टेम्प्लेटं घेतली की हे अंतर त्यात आधीच लिहिलेलं असतं. शोधून शून्य करा.

हे सगळं एका दमात वाचून घाबरायचं कारण नाही. पिक्सेल वाचायचा भाग पानभर कोडचाही नाही. एकदा लिहिला की हिंदी, मराठी, तमिळ, काहीही घाला, चालतो.

आता थोडं माझ्या आवडीनिवडीचं. एका सरांनी मला सांगितलं, सगळे शब्द गोळा कर, डेटाबेसमध्ये टाक, वर्डक्लाउड, म्हणजे जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारं चित्र, बनव, 'इम्पॅक्ट' दिसेल. मी ऐकलं नाही. वर्डक्लाउड ही आळशी माणसाची रांगोळी आहे. आणि बायकांनी मनातून काढलेला शब्द दुसऱ्या दिवशी माझ्या तक्त्यात दिसणार असेल तर मी जाळलं काय? माझ्या कामात शब्द कुठेच जात नाही. फोनच्या बाहेर पडत नाही, पान बंद केलं की संपला. त्यामुळे सर्व्हर लागला नाही, गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या फुकट पानांवर काम भागलं.

पण 'आम्ही काही साठवत नाही' असं लिहून मोकळं होता येत नाही. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्याही हातात जातो, पोरांच्याही. चौकट साध्या फॉर्मची असेल तर ब्राउझर आधी भरलेले शब्द सुचवू शकतो. सासूबद्दल लिहिलेला शब्द सासूलाच सुचवला गेला तर? म्हणून ऑटोकम्प्लीट बंद करा, चौकट फॉर्ममध्ये ठेवू नका, शब्द पत्त्याच्या पट्टीत जाऊ देऊ नका, आणि भेटी मोजणारी तयार स्क्रिप्ट लावू नका. कीबोर्डही शब्द शिकतो, त्याला आपल्याकडे इलाज नाही. ते पानावर एका ओळीत सरळ सांगून टाका. बायकांना खरं सांगितलेलं कळतं.

मराठी कीबोर्डचा आग्रहही नको. पुष्कळ जणी इंग्रजी लिपीतच मराठी शब्द लिहितात. मी त्याचं देवनागरीत रूपांतर करणार होते, केलं नाही. तिने जसा लिहिला तसा तिचा.

मेंटॉर शोधणाऱ्यांसाठी: पुण्या-मुंबईचं कोणी भेटलं नाही म्हणून अडून बसू नका. माझ्या कामाला खरी दिशा दोन माणसांनी दिली. एक शिवणकाम करणाऱ्या काकू, दुसरा धरमपेठेतला एक मित्र. तो बँकेचे फॉर्म कोड करतो आणि कलेबद्दल त्याला काडीचं प्रेम नाही. "हे दोनदा दाबलं तर काय होईल?" एवढंच तो विचारत राहायचा. जो माणूस तुमच्या कामाला 'खूप सशक्त' म्हणतो आणि एकदाही बोट लावून बघत नाही, त्याच्याकडे परत जाऊ नका. कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दल विचाराल तर घ्या मदत, पण त्यानेही मला आधी स्प्लिटच लिहून दिलं होतं.

आवाजाचं थोडक्यात. २०१८ पासून क्रोम आपोआप आवाज वाजू देत नाही, आधी बघणारीने कुठेतरी बोट लावावं लागतं. याची कुरकुर करत बसण्यापेक्षा पहिला स्पर्शच कामाचा भाग करा. माझ्याकडे आग लावणाऱ्या स्पर्शानेच मिरवणुकीचा गलका सुरू होतो, वेगळं बटण लागत नाही.

आणि काम मे महिन्यात तपासा, तेही कूलरसमोर बसून नाही. नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, स्वस्त फोन आधीच तापलेला असतो, त्यात सेकंदाला साठ वेळा हजारो कण हलवायला लावले की तो स्वतःला हळू करून घेतो. मी तीसवर आणलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दाखवायचं कुठे, हा प्रश्न मला फार पडायचा. 'आपल्याकडे असलं कोण बघतं' हे मीही म्हणत होते. पण मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंटरनेटवर कामं केली होती, तेव्हा तर घरोघरी नेटही नव्हतं. सुरुवात ओळखीच्या कॉलेजातून करा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना प्रदर्शनात एखादी भिंत मिळतेच.

मात्र प्रोजेक्टरवर लावून 'या, लिहा' म्हणू नका. आम्ही लावलं तेव्हा मुलं येऊन स्वतःची नावं लिहून जाळत होती, हसत होती, आणि बायका पाठीमागून बघून पुढे जात होत्या. सगळ्यांसमोर कोण लिहिणार? दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर काढला आणि क्यूआर कोडच्या चिठ्ठ्या ठेवल्या. संध्याकाळी गठ्ठा बराच कमी झालेला होता. किती जणींनी घरी जाऊन उघडलं ते मला माहीत नाही. मोजणारी स्क्रिप्ट लावली नव्हती ना. चिठ्ठ्या छापायच्या आधी पत्ता मात्र पक्का करून ठेवा. गिटहबवर रिपॉझिटरीचं, म्हणजे कोड ठेवलेल्या कप्प्याचं, नाव नंतर बदललं की पानाचा पत्ता बदलतो आणि छापलेला क्यूआर कोड मेला म्हणून समजा.