ॲटम स्टेक करताय? मग मतही द्या

कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवर तिचं चलन ॲटम स्टेक करायला, म्हणजे बक्षिसासाठी गुंतवून ठेवायला, निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: परतावा नंतर बघा, तुमच्या वतीने मत कोण देणार आहे ते आधी बघा.

सुरुवात सोपी आहे. केप्लरसारखं वॉलेट घ्या. सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवून देणारे गुप्त शब्द) कागदावर लिहून ठेवा, स्क्रीनशॉट नको. सगळे ॲटम मात्र स्टेक करू नका. मत द्यायलाही फी लागते, आणि खात्यात मोकळं काहीच नसेल तर जमलेलं बक्षीससुद्धा काढता येत नाही.

मग व्हॅलिडेटर निवडा, म्हणजे साखळीतल्या ब्लॉकवर सही करणारा, ज्याच्याकडे तुमचे ॲटम सोपवायचे तो. यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवू नका. वरच्या मोजक्यांकडे आधीच खूप ताकद एकवटली आहे. व्हॅलिडेटरने एकाच उंचीच्या (साखळीतल्या एकाच क्रमांकाच्या) दोन ब्लॉकवर सही केली तर ५ टक्के स्टेक कापला जातो, तुमचाही. सर्व्हर बराच वेळ बंद राहिला तर ०.०१ टक्के. पण मी सर्वांत जास्त वेळ देतो तो त्याच्या मतदानाच्या नोंदीला. साखळीबद्दलच्या सगळ्याच प्रपोजलवर, म्हणजे प्रस्तावांवर, ‘ॲब्स्टेन’ (तटस्थ) दिसलं, तर मी पुढचं नाव बघतो.

याचं कारण असं की तुम्ही मत दिलं नाही तर तुमच्या ॲटमचं वजन व्हॅलिडेटरच्या मताला जातं. तुम्ही स्वतः दिलंत, की तेवढं वजन त्याच्याकडून वजा होतं. मुदत संपेपर्यंत मत बदलताही येतं.

पर्याय चार: येस, नो, ॲब्स्टेन आणि नो विथ व्हीटो. शेवटचा फार जपून वापरा. २०२२ मध्ये ८२ क्रमांकाच्या प्रपोजलला ‘येस’ म्हणणारे सर्वाधिक होते, तरी ते पडलं, कारण व्हीटोची मतं एकतृतीयांशाच्या पुढे गेली. नुसतं पटत नसेल तर ‘नो’ पुरे; व्हीटो साखळीला घातक वाटणाऱ्या प्रस्तावासाठीच राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

ॲटम परत हवे असतील तर अनबॉन्डिंगला, म्हणजे स्टेक मोकळा व्हायला, २१ दिवस लागतात. त्या काळात बक्षीसही नाही, विक्रीही नाही. फक्त व्हॅलिडेटर बदलायचा असेल तर अनबॉन्ड कशाला करता? रीडेलिगेट लगेच होतं. एवढंच, की हलवलेले ॲटम पुढचे २१ दिवस पुन्हा तिसऱ्याकडे नेता येत नाहीत.