रेल्वे स्लीपर साइजच्या लाकडाचा धंदा मुंबईतून कसा सुरू करायचा (मशीन सगळ्यात शेवटी घ्या)

यूट्यूबवर अमेरिकेतले ते व्हिडिओ बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात हे येतं, की एक बँडसॉ (पट्टीसारख्या फिरत्या पात्याचा आरा) लावायचा, ओंडके आणायचे, रुळाखाली घालायचे स्लीपर कापायचे आणि रेल्वेला विकायचे. तिकडे हे चालतं कारण तिकडे आजही बहुतेक रूळ लाकडी स्लीपरवर आहेत, दरवर्षी दीड-दोन कोटी स्लीपर बदलावे लागतात, साइज ठरलेली, 7 इंच बाय 9 इंच आणि लांबी साडेआठ किंवा 9 फूट, लाकूड बहुतेक ओक, आणि गावागावातल्या छोट्या मिल तेच कापून पोट भरतात. आपल्याकडे तसं नाहीये. दादर स्टेशनला उभं राहून खाली बघा, सगळं काँक्रीट आहे, एकेक स्लीपर अडीचशे किलोच्या वर. लाकडी स्लीपर मुख्यतः गर्डर पुलांवर उरले होते, तिथेही आता स्टीलचे चॅनल स्लीपर आणि कंपोझिट, म्हणजे मिश्र पदार्थांचे, येतायत. त्यामुळे रेल्वे आपलं गिऱ्हाईक असेल असं धरून कोणी लोन काढत असेल तर आधी थांबा.

मग धंदा आहे कुठे? तर त्याच साइजच्या जाड मालाला मुंबईत आणि आजूबाजूला भरपूर मागणी आहे, फक्त घेणारे वेगळे आहेत. मेट्रो आणि फ्लायओव्हरच्या साइटवर क्रेनच्या आउटरिगरखाली, म्हणजे बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांखाली, जाड ठोकळे लागतात. न्हावाशेवाला जड मशिनरी ट्रेलरवर किंवा फ्लॅट रॅकवर (बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर) चढवताना खाली पॅकिंग, म्हणजे आधाराचे लाकडी ठोकळे, लागतं. ड्राय डॉकमध्ये जहाजाखालच्या ठोकळ्यांना लाकूड लागतं, जड मशीन हलवणारे रिगिंगवाले तर कायम शोधत असतात. आणि एक शौकीन गिऱ्हाईक, कर्जत-अलिबागचे फार्महाऊसवाले, त्यांना बागेतल्या पायऱ्या, बाक, गेटचे खांब हवे असतात, तेही जुन्या स्लीपरसारखे दिसणारे. हे शेवटचे भाव चांगला देतात पण चार नग घेतात आणि चाळीस फोन करतात. पोट भरणार ते पॅकिंगवर.

म्हणून पहिलं काम म्हणजे बाइकला किक मारून फिरणं. दारुखान्यात लकडी बंदर रोडला, रे रोडच्या लाकूड मार्केटमध्ये, वखारींतून चक्कर मारा, जाड साइजला काय भाव चाललाय, कुठलं लाकूड जातंय, चिराईचा, म्हणजे ओंडका कापून देण्याचा, दर घनफुटाला काय, हे सगळं चहा पिता पिता कळतं. मग साइटवरच्या स्टोअर इन्चार्जला भेटा, त्याला विचारा की तुम्ही आत्ता पॅकिंग कुठून घेता आणि कुठली साइज मिळत नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं की लांब माल मिळत नाही, किंवा मिळतो तो ओला असतो आणि महिन्याभरात तडकतो. ही तक्रार हीच तुमची जागा.

आता लायसन. इथे बरेच जण आपटतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. सॉमिल म्हणजे पिठाची गिरणी नाही की गाळा घेतला आणि मोटर लावली. गोदावर्मन केसमध्ये, म्हणजे जंगल वाचवण्यासाठीच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने 1996 पासून जे आदेश दिले त्यानंतर विनापरवाना आरा मशीन चालवणं बंद झालं आणि नवीन लायसन मिळणं फार अवघड झालं. पुढे केंद्राने 2016 मध्ये लाकूड आधारित उद्योगांसाठी गाइडलाइन्स काढल्या आणि विषय राज्याच्या समितीकडे आला, ती समिती लाकूड किती उपलब्ध आहे ते बघून ठरवते. महाराष्ट्रात वनखात्याचे 2014 चे वन नियम आहेत, त्यात सॉमिल आणि वाहतूक पास दोन्ही येतं. त्यामुळे गोल ओंडका फाडायची मशीन बसवायचा विचार असेल तर अॅडव्हान्स भरायच्या आधी ज्या हद्दीत जागा आहे तिथल्या डीएफओ (विभागीय वन अधिकारी) ऑफिसात लेखी अर्ज करून लेखीच उत्तर घ्या. तोंडी "होऊन जाईल" वर विश्वास ठेवू नका. एजंट तर सगळ्यालाच हो म्हणतो.

आता यातून वाट काय? माझ्या मते नवीन माणसाने सुरुवातीला स्वतःची मिल काढूच नये. लायसन असलेली चालू मिल भिवंडी, तळोजा, वसई साइडला शोधा, बऱ्याच मिलना रोजचं पूर्ण काम नसतं, त्यांच्याकडे जॉब वर्कवर चिराई करून घ्या. ओंडके तुमचे, गिऱ्हाईक तुमचं, त्यांना घनफुटावर चिराई द्यायची. मार्जिन थोडं कमी सुटतं पण वर्षभर हे केलंत की कुठला माल चालतो, कुठला पडून राहतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि मग एखादं जुनं लायसन वनखात्याच्या परवानगीने रीतसर नावावर करून घेता येतंय का ते बघता येतं. उद्यम रजिस्ट्रेशन आणि जीएसटी मात्र पहिल्या दिवसापासून करा, कंपन्या बिलाशिवाय माल घेत नाहीत. लाकडी स्लीपरचा एचएसएन, म्हणजे जीएसटी बिलावरचा मालाचा कोड, 4406 आहे, साध्या चिरलेल्या लाकडाचा 4407, तुम्ही पॅकिंगचे ठोकळे विकताय तर बिलावर काय टाकायचं ते सीएला विचारून ठरवा. स्वतःची मिल झाली की त्यावर एमपीसीबीचा (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंट, फायर, थ्री फेजचं कनेक्शन, हे सगळं येतं.

लाकूड कुठून आणायचं. एक म्हणजे वनखात्याच्या आणि वन विकास महामंडळाच्या डेपोतले लिलाव. बल्लारपूर-आलापल्लीचा साग नावाजलेला आहे पण सागाचे पॅकिंग ठोकळे करणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं, तो सोडा. आपल्याला ऐन, किंजळ, बाभूळ, निलगिरी असलं जड आणि कमी मिजासीचं लाकूड हवं. दुसरं म्हणजे खासगी मालकीची झाडं. यात कागद महत्त्वाचा, साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, मालकाच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. शहरात 1975 चा वेगळा कायदा आहे, म्हणजे पावसात पडलेला रेन ट्री सोसायटीवाला फुकट देत असला तरी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीची कॉपी हातात असल्याशिवाय टेम्पोत टाकू नका. ज्या मालाला वाहतूक पास लागतो त्याचा पास गाडीत हवा, ओंडक्यावर हॅमरचा (वनखात्याच्या हातोड्याचा) शिक्का असेल तर तो कापून टाकण्याआधी रजिस्टरला चढवा. तिसरं म्हणजे इम्पोर्टेड, पाइन किंवा मलेशियन माल, महाग पडतो पण बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या कस्टम कागदाची, कॉपी ठेवली की कागदाची कटकट कमी.

आता ओंडका कसा निवडायचा, कारण पैसे इथेच कमावले किंवा गमावले जातात. आपली ब्रॉडगेज स्लीपरची जुनी साइज 2.75 मीटर लांब, 25 सेंटीमीटर रुंद, 13 सेंटीमीटर जाड, म्हणजे एक नग साधारण 3.16 घनफूट. 25 बाय 13 चा चौकोन गोलात बसवायला त्याचा कर्ण साधारण 28 सेंटीमीटर येतो, वर थोडी सूट धरून बारीक टोकाला साल सोडून 31-32 सेंटीमीटर व्यास पाहिजे. अशा ओंडक्यातून मधे एक स्लीपर निघतो, वर दोन आणि खाली दोन अशा इंची फळ्या निघतात, स्लीपरला लागून असलेली 25 रुंद आणि तिच्या बाहेरची 20 रुंद. हिशोब केलात तर या चार फळ्यांत स्लीपरच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त लाकूड आहे. म्हणजे फळ्यांना गिऱ्हाईक नसेल तर तुम्ही तोट्यात आहात हे समजा. पॅलेटवाले, खोके बनवणारे, सेंट्रिंगवाले यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

दुसरी गंमत अशी की 38 सेंटीमीटर व्यासात दोन स्लीपर एकावर एक बसतात, कारण दोन्ही मिळून 25 बाय सव्वासव्वीस झालं की कर्ण साडेछत्तीसच्या आतच येतो. पण 34-35 च्या ओंडक्यात एकच निघतो आणि पैसे मात्र जास्त लाकडाचे मोजलेत. मार्केटमध्ये घेर मोजतात, आणि घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी असं घनफळ धरतात. 32 व्यासाचा घेर 100 सेंटीमीटर येतो, 38 चा 120 च्या आसपास. म्हणून टेप घेऊन जा आणि 100 च्या किंवा 120 च्या जवळपासचे निवडा, 110 वाले दुसऱ्याला जाऊ द्या. शिवाय घेर मधोमध मोजतात आणि स्लीपर निघतो तो बारीक टोकाला किती आहे त्यावर, त्यामुळे निमुळता ओंडका दिसायला जाड असला तरी फसवतो. ढोली, भेग, पीळ पडलेला, असले तर बघायचेच नाहीत.

कापायची पद्धत. ओंडका 2.80 ला क्रॉसकट करा, टोकाचे पाच सेंटीमीटर नंतर छाटता येतात. बारीक टोकावर खडूने 25 बाय 13 चा चौकोन काढा, एकच स्लीपर काढायचा असेल तर गाभा बरोब्बर मधे आला पाहिजे, चारही बाजूंनी लाकडाने वेढलेला, कारण गाभा कडेला आला की तिथून तडकतो. दोन काढताना गाभा जोडावर येणारच, मग तो भाग खाली ठेवून वापरा असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. आधी वरचं सालपट, मग फळ्या, उलटा करून दुसरी बाजू, मग नव्वदात फिरवून उरलेल्या दोन बाजू. ओल्या लाकडाला पाच-सहा मिलिमीटर जादा ठेवा, सुकल्यावर आटतं. बँडसॉच घ्या, त्याचा काप दोन-तीन मिलिमीटरचा, गोल पात्याचा त्याच्या दुप्पट, तेवढा माल भुशात जातो. पाती बोथट झाली किंवा मिस्त्रीने घाई करून ढकललं की काप लाटेसारखा वाकडा येतो, मग क्रेनखाली तो ठोकळा डुगडुगतो आणि साइटवाला परत पाठवतो. त्यामुळे धार लावणारा माणूस चांगला पकडा, मशीनच्या ब्रँडपेक्षा तो महत्त्वाचा आहे.

जुने रेल्वे स्लीपर विकत घेऊन कापायचे असतील, म्हणजे फार्महाऊसवाल्यांसाठी, तर रेल्वेचा भंगार माल आयआरईपीएस या रेल्वेच्या वेबसाइटवरच्या ई-ऑक्शनमधून जातो, तिथे रजिस्टर व्हा किंवा तिथून घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडून बिलासकट घ्या. बिल नसलेला रेल्वेचा माल म्हणजे थेट आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दल) केस. कापायच्या आधी प्रत्येक नगावर मेटल डिटेक्टर फिरवा, आत मोडलेले खिळे असतात आणि एका खिळ्यात पातीचं वाटोळं होतं, शिवाय तुटलेली पाती कुठे उडेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे क्रिओसोट, लाकूड टिकावं म्हणून पाजायचं डांबरी तेल. जुना साल किंवा साग बरेचदा तसाच वापरलेला असायचा, पण देवदार-चीडसारख्या लाकडाला क्रिओसोट पाजलेलं असायचं. काळा, चिकट, डांबरासारखा वास येणारा स्लीपर असला तर त्याचं डायनिंग टेबल, लहान मुलांचा झोका, भाजीचे वाफे यातलं काहीही करून देऊ नका, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. कॅन्सरचा धोका असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे तो. त्याचा भुसाही वेगळा ठेवा, जाळू नका, कामगारांना मास्क आणि ग्लोव्ह्ज सक्तीचे.

एक्स्पोर्टच्या मालाखाली जाणारं पॅकिंग असेल तर साल पूर्ण काढलेली हवी आणि हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो, गाभ्यापर्यंत 56 डिग्री तापमान सलग 30 मिनिटं. मान्यताप्राप्त चेंबरवाल्याकडेच करून घ्यायचं, शिक्का स्वतः मारायचा नाही. 13 सेंटीमीटर जाड माल आतपर्यंत तापायला पातळ फळीपेक्षा खूप वेळ घेतो, त्यामुळे चेंबरवाला जास्त रेट सांगणार, तो आधीच तुमच्या कोटेशनमध्ये धरा.

साठवण म्हणजे मुंबईतली खरी डोकेदुखी. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट लावा, टोकं आधी सुकतात म्हणून तिथूनच चिरा जातात, भेग सुरू झालेली दिसली तर एस आकाराची लोखंडी पट्टी ठोका. थप्पी जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरात हवेला जागा, वर पत्रा, आणि बाजू मात्र उघड्या, प्लास्टिकने गुंडाळलंत तर आत बुरशी. जूनच्या आधी जाड माल कापून थप्पी लावून ठेवा, पावसात ओंडक्याची वाहतूक आणि तोड दोन्ही मंदावते आणि साइटवर मात्र चिखलामुळे पॅकिंगची मागणी वाढते, तेव्हा भाव तुमच्या हातात असतो.

भुसा पोल्ट्रीवाले नेतात, पांढरा कोळसा (भुसा दाबून केलेलं जळण) बनवणारेही नेतात, फक्त गोण्या साचू देऊ नका, आगीचं कारण तेच असतं, वायरिंगजवळ तर अजिबात नको. आणि उधारी. कॉन्ट्रॅक्टर साठ दिवस म्हणतो आणि नव्वदला देतो, लाकूडवाला मात्र रोख मागतो. पहिल्या ऑर्डरला निम्मे पैसे अॅडव्हान्स घेतल्याशिवाय ओंडका उचलू नका, आणि डिलिव्हरी चलानवर साइटवाल्याची सही, तारीख, नगांची संख्या आणि साइज हे चारही नीट लिहून घ्या, साइज तर खास, कारण महिन्याने तो म्हणतो बारा सेंटीमीटरच होते.