घरी गाणं रेकॉर्ड करताय? मिक्सिंगच्या आधीच होणाऱ्या या चुका टाळा

‘राहू दे, मिक्सिंगमध्ये काढून टाकू.’ घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. (मिक्सिंग म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज नंतर सॉफ्टवेअरमध्ये जुळवणं.) ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात मी गेली काही वर्षं गाणं, पेटी आणि तबला रेकॉर्ड करतो आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी सॉफ्टवेअर शिकण्यात घालवली. खरं काम खोलीत आणि माइकच्या पुढ्यात होतं, हे फार उशिरा उमगलं. मिक्सिंगमध्ये चांगलं गाणं खुलतं, पण बिघडलेलं रेकॉर्डिंग दुरुस्त होत नाही.

खोली गाते आहे, तुम्ही नाही

आमच्याकडच्या जुन्या घरांना दगडी पटियांचं छत, खाली फरशी आणि चारी बाजूंना गुळगुळीत गिलावा असतो. उन्हाळ्यात बरं वाटतं, पण माइकच्या दृष्टीने ती विहीर आहे. रिकाम्या खोलीत उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा बारीक थरथरता आवाज आला, तर तोच आवाज तुमच्या प्रत्येक तानेला चिकटणार आहे. त्यावर वरून सॉफ्टवेअरचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, चढवला, की दोन खोल्या एकमेकींत मिसळतात आणि शब्द कळेनासे होतात. पुष्कळांना वाटतं रिव्हर्ब चांगला लागला नाही. खरं तर एक रिव्हर्ब आधीच रेकॉर्ड झालेला असतो, आणि तो काढता येत नाही.

यावर अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी खालचा आणि मधला आवाज जवळजवळ शोषलाच जात नाही, खोली तेवढी ओंगळ दिसते. पातळ फोमही फक्त वरची धार मारतो, त्यामुळे घुमणं तसंच राहून आवाज उलट कोंदट होतो. घरात असतात त्याच गोष्टी उपयोगी पडतात: कापसाच्या रजया, गाद्या, जाड गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट.

रजई कुठे लावायची, इथे मात्र बहुतेकांची चूक होते. सगळे ती माइकच्या मागे टांगतात. घरगुती रेकॉर्डिंगचा माइक बहुधा कार्डिऑइड असतो, म्हणजे तो पुढचं ऐकतो आणि पाठीमागचं फार कमी ऐकतो. त्याच्या पुढे कोण? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून पहिली रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी. आमच्याकडे दोन खुंट्यांमध्ये कपडे वाळवायची दोरी बांधली आहे. तिच्यावर हिवाळ्याची डबल रजई भिंतीपासून वीतभर पुढे लोंबती ठेवतो. भिंतीला चिकटवण्यापेक्षा अशी मोकळी रजई जास्त आवाज खाते. दुसरी रजई उजव्या बाजूला, खाली सतरंजी. एवढ्याने टाळीची थरथर जाते.

खोलीच्या बरोबर मधोमध बसणंही टाळा. 10 फुटांच्या खोलीत साधारण 56 हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींमध्ये उभा राहतो, आणि खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांना एकच सूर साठतो. डग्ग्याचा एखादाच आघात भलताच फुगलेला वाटला, तर वाद्याला दोष देण्याआधी जागा दोन हात सरकवून बघा.

कूलर, पंखा आणि आमच्या आत्याची गाणी

माझी सगळ्यात जिव्हारी लागलेली चूक इथली आहे. आमच्या आत्याला भोंडल्याची जुनी गाणी पाठ आहेत, तिच्या आजीकडून आलेली. त्या वेळी मे महिना होता, पारा 45 च्या वर, आणि ऐंशीच्या घरातल्या बाईला कूलर बंद करून बसवायचं माझ्या जिवावर आलं. कूलर चालू ठेवला आणि म्हटलं, आवाज नंतर काढू. नॉइज रिडक्शन लावलं तेव्हा कूलरची घरघर गेली, पण तिच्याबरोबर ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ ही अक्षरंही गेली, कारण त्यांचा सळसळाट आणि कूलरचा सळसळाट त्या सॉफ्टवेअरला सारखाच वाटतो. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. ती सगळी गाणी डिसेंबरात पुन्हा करावी लागली. ती गायला होती, हे माझं नशीब.

तेव्हापासूनचा नेम: उन्हाळ्यात पहाटे पाचला रेकॉर्डिंग. कूलर रात्रभर चालवून खोली गार करायची, तो बंद करायचा, तीन-चार मिनिटांचा टेक घ्यायचा, पुन्हा चालू करायचा. दर बैठकीच्या सुरुवातीला कोणीही न बोलता खोलीची शांतता दहा सेकंद रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शन कधी लागलंच तर ही शांतता नमुना म्हणून देता येते, आणि दोन टेक जोडताना मधली फट भरायलाही ती कामी येते. रिडक्शन लावायचं ते हलक्या हाताने, पाच-सहा डेसिबलपुरतं. थंडीत वेगळी अडचण: गार खोलीत आणलेला तबला आणि तानपुरा हळूहळू उतरतात-चढतात. वाद्यं अर्धा तास आधी खोलीत ठेवा, मग लावा.

दुसऱ्या वेळी आत्याच्या बांगड्या ऐकू येत होत्या. काढायला सांगणं मला पटलं नाही. दोन्ही मनगटांवर बांगड्यांभोवती मऊ रुमाल गुंडाळला, काम झालं.

मंद्रात लेव्हल लावली, तारसप्तकात फाटली

माइक लावून आपण ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो किंवा मंद्रातला षड्ज लावतो, काटा छान दिसतो, आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) तिथेच ठेवतो. मग दहाव्या मिनिटाला तार षड्जावर मोकळा आकार लागतो आणि आवाज करकरतो. त्या जागी वेव्हफॉर्म मोठा करून पाहा: गोल डोंगराचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट दिसेल. तो कापलेला माथा परत येत नाही. त्या दुरुस्तीची साधनं आहेत, पण ती अंदाजाने डोंगर काढतात.

लेव्हल लावताना गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा गा. ती मीटरवर उणे 12 ते उणे 10 डेसिबलच्या आसपास राहिली की पुरे; माथा कापला जातो तो शून्याला. ‘फार हळू येतंय’ म्हणून घाबरायचं कारण नाही. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवलं तर सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा आवाज यांतला सैद्धांतिक आवाका सुमारे 144 डेसिबल मिळतो, 16 बिटवर तो 96 असतो. हळू आलेलं नंतर वाढवता येतं.

अंतराचंही तसंच आहे. माइक तोंडाला चिकटवला तर खालचा आवाज फुगतो आणि ‘प’, ‘भ’ फुटतात. दोन हातांवर ठेवला तर खोली वरचढ होते, कारण अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज मोकळ्या जागेच्या हिशेबाने 6 डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. भावगीताला एक वीत, ख्यालाला दीड-दोन वीत, असं मी धरतो. तार स्वराला मान किंचित मागे घ्या. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारं रेकॉर्डिंग येण्याआधी गायक भोंग्यात तोंड घालून गायचे, आणि जोरकस स्वराला मागे सरकणं हा तेव्हा गाण्याइतकाच सरावाचा भाग होता. तो सराव आजही करण्यासारखा आहे.

पेटी वाजवत गाणाऱ्यांसाठी

आपल्यातले बहुतेकजण स्वतः पेटी धरून गातात, आणि परदेशी व्हिडिओंमध्ये याचं उत्तर सापडत नाही. माइक तोंडासमोर सरळ ठेवला की पेटी गळ्याला गिळते. उपाय माइकच्या पाठीत आहे. स्टँड असा लावा की माइक तोंड आणि पेटी यांच्या मध्ये येईल, तोंडाच्या जरा खाली, आणि त्याची नजर वर ओठांकडे असेल. मग त्याची पाठ, म्हणजे त्याची सगळ्यात बहिरी बाजू, पेटीकडे होते. पेटी संपत नाही, पण खाली बसते. एक किंमत मोजावी लागते: आता माइक छताकडे बघतो, त्यामुळे पंखा बंदच हवा आणि पटियांचं छत फार घुमत असेल तर डोक्यावरही एखादी चादर दुहेरी करून ताणावी लागते. भात्याची ‘फस्स’ येत असेल तर भाता अर्धाच उघडून सावकाश चालवा.

तबल्याला दोन माइक लावलेत आणि डग्ग्याचा घुमारा एकदम पोकळ झाला, तर बहुधा दोन्ही माइकवर तोच आवाज थोडा पुढेमागे पोहोचून एकमेकाला खोडतो आहे. एका ट्रॅकचा फेज उलटा करून, म्हणजे त्याच्या लाटेचे डोंगर-दऱ्या उलटवून, बघा. ‘घे’ भरून आला तर तो तसाच ठेवा. मुळातली काळजी अशी: माइक वाद्यापासून जेवढा दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं. तबल्यात ते कठीण जातं, म्हणून माइक जवळ घ्यावे लागतात. एकच माइक असेल तर बिनधास्त एकच वापरा.

तानपुऱ्याचं ॲप मोबाइलच्या स्पीकरवर लावून गाऊ नका. तो तानपुरा गळ्याच्या ट्रॅकमध्ये मुरतो, मग एक ओळ कापून दुसऱ्या टेकमधली लावली की सुरावट जोडावर तुटलेली ऐकू येते. बंद कपांचा हेडफोन घ्या. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर तो कप हवेत सोडू नका, कानामागे डोक्याला दाबून बसवा, नाहीतर तिथून तानपुरा गळतो.

झटपट निदान

*गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, ठेका निसटतो.* बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, मोठा आहे. 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 48 हजार नमुने) 1024 नमुन्यांचा बफर म्हणजे एका बाजूचेच 21 मिलिसेकंद, जणू तबलजी सात मीटर लांब बसला आहे. रेकॉर्ड करताना 128 ठेवा, किंवा इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवरचं) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. मिक्सिंगला परत वाढवा, नाहीतर टकटक, चटचट सुरू होते.

*गाणं संथ आणि खालच्या पट्टीत वाजतं.* 48 किलोहर्ट्झची फाइल 44.1 समजून वाजते आहे. यात सूर सुमारे दीड सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) उतरतो: काळी चारचं गाणं पांढरी पाच आणि काळी तीनच्या मधोमध येतं, पेटीवर कुठेच जुळत नाही. अशी न जुळणारी पट्टी दिसली की आधी सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) बघा.

*सतत ‘हूंऽऽ’ ऐकू येतं.* आपल्याकडच्या विजेचे 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. हूं गेलं तर दोष तिथेच. इंटरफेस, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. जुन्या घरात अर्थिंग नसतं किंवा असून उपयोगाचं नसतं, ते इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घ्या. हूं घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

*कंडेन्सर माइक मुका आहे.* इंटरफेसवरचं 48 व्होल्टचं बटण दाबा, या माइकला वीज लागते. *आवाज एकाच कानात.* ट्रॅक मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत तोच आवाज येईल.

मिक्सिंगला बसल्यावर

सुराची दुरुस्ती आपोआप करणारं सॉफ्टवेअर 1997 पासून बाजारात आहे आणि पॉपसाठी ते चालतं. रागदारीवर ते लावू नका. ते सप्तकाचे बारा सारखे तुकडे धरतं, प्रत्येक 100 सेंटचा, आणि स्वर जवळच्या घरात ढकलतं. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार साधारण 386 सेंटवर असतो, सॉफ्टवेअर त्याला 400 वर नेतं. दरबारीचा आंदोलित गंधार तर ते चूक समजून सरळ करतं. ज्या गावात तानसेनांची समाधी आहे, तिथे बसून दरबारीचा गंधार सरळ झालेला मी ऐकला आहे, आणि मला तो सहन झाला नाही. स्वर चुकला असेल तर ती ओळ पुन्हा गा.

मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचंही जपून. आलापातली मंद्र कुजबुज आणि तानेचा जोर यांतला फरक हेच गाणं आहे, कॉम्प्रेसर तो फरक सपाट करतो. आधी व्हॉल्यूमची रेघ हाताने वरखाली करा, शब्दशब्द बघून. मग गरज वाटली तर कॉम्प्रेसर 2:1 एवढाच, म्हणजे मर्यादेवरचा जोर निम्मा करणारा. इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करण्याचं साधन) वाढवण्याआधी कमी करून बघा: गळ्यावर 80 हर्ट्झच्या खालचं छाटा, आवाज कोंदला असेल तर 200 ते 400 च्या दरम्यान दोन-तीन डेसिबल उतरवा. कुठलाही बदल तपासताना आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्या पातळीवर आणून ऐका, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. यात मी अनेक रात्री फसलो आहे.

शेवटची पातळी चढवण्यासाठी गाणं चेपू नका. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठी गाणी साधारण उणे 14 लफ्सपर्यंत (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) खाली आणतात, म्हणजे तुम्ही मारलेला जोर तिथे वाया जातो आणि चेपलेपण तेवढं उरतं.

हेडफोनवर झालेलं मिक्स दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या अंतरावरून. आमच्या आत्याने असंच ऐकून विचारलं होतं, ‘‘अरे, डग्गा कुठे गेला?’’ छोट्या स्पीकरला खालचा आवाज वाजवताच येत नाही. बेस वाढवला तर हेडफोनवर गदारोळ होतो आणि मोबाइलवर काहीच बदलत नाही. डग्ग्याच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा परिणाम) दिलं, की वरच्या पटी उमटतात आणि मोबाइलवरही ‘घे’ कानाला सापडतो.

आणि फाइली. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा स्टिरिओ ट्रॅक मिनिटाला सुमारे 17 एमबी घेतो, म्हणून जागा वाचवायला मूळ रेकॉर्डिंग पुसून एमपी3 ठेवण्याचा मोह होतो. मूळ ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आत्याच्या गाण्यांची एक प्रत मी पुण्याला चुलतबहिणीकडे ठेवली आहे. फाइलच्या नावात तारीख, गाणाऱ्याचं नाव आणि पट्टी लिहा. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘नवीन फायनल’ यांतलं खरं कुठलं, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.